वेसाव्याच्या पुळणीचे सेवेकरी

महाराष्ट्रात खराट्याला प्रतिष्ठा मिळाली ती गाडगेबाबांमुळे (१८७६–१९५६). आणि मुळशीच्या सत्याग्रहाचे सेनापती होण्यापूर्वी पांडुरंग महादेव बापट पारनेरचे रस्ते झाडीत असत, ही गोष्टही पुष्कळांना ठाऊक आहे. तथापि त्या दोघांनी झाडलेला रस्ता निदान दुसऱ्या सकाळपर्यंत स्वच्छ राही. मुंबईतील वेसाव्याच्या (वर्सोव्याच्या) पुळणीवर ऑक्टोबर २०१५ मध्ये जे कार्य आरंभले गेले, त्याच्या वाट्याला तेवढेही समाधान नव्हते. कारण ओहोटीच्या वेळी उपसलेल्या जागी पुढची भरती नवा कचरा आणून टाकीत असे.

आरंभ दोघांनी केला: वकील अफरोझ शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी हरबंश माथुर. सुमारे अडीच किलोमीटरच्या त्या किनाऱ्यावर कुजक्या कचऱ्याचे ढीग साचले होते. कोणा दप्तरात अर्ज देऊन उत्तराची वाट पाहत बसण्याऐवजी या दोघांनी सुटीच्या दिवशी स्वतःच वाकून तो उचलण्यास प्रारंभ केला. माथुर लवकरच निवर्तले. पण तोवर शेजारपाजारची माणसे येऊ लागली होती. कोळीवाड्यातील मच्छीमार, शाळकरी मुले, झोपडवस्तीतील रहिवासी, चित्रपटसृष्टीतील काही मंडळी अशी ती माणसे. त्यांतील बहुतेकांची नावे कोणत्याही मानपत्रात नाहीत, आणि माझ्या मते या हकिकतीचे खरे मोल त्यांच्यातच आहे.

हे काम किती चिवट आहे, हे पुळण न पाहिलेल्यास सहसा उमगत नाही. शहरातील नाले खाडीत रिते होतात, खाडी समुद्राला मिळते, आणि पावसाळ्यातील उधाण तो सारा ऐवज किनाऱ्यावर परत फेकते. त्यातील प्लास्टिकची पिशवी वाळूवर पडून राहत नाही. तिच्यात वाळू शिरते, ती जड होऊन खाली रुतते, तिच्यावर दुसरा थर बसतो. ओढू गेल्यास ती फाटते, म्हणून भोवतालची वाळू उकरून ती मोकळी करावी लागते. ढिगारे हलवण्यास यंत्र उपयोगी पडते खरे. परंतु वाळूत गुंतलेली चिंधी आणि दोरीचा तुकडा सोडवण्यास माणसाचा हातच लागतो. या मंडळींनी किनाऱ्यालगतची सार्वजनिक शौचालयेही धुतली. ज्याला घरी शौचालय नाही, त्याच्याविषयीचा कळवळा अशा कृतीतून जितका प्रकट होतो, तितका भाषणातून क्वचितच होतो.

२०१६ साली संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला, आणि मार्च २०१८ मध्ये सुमारे दोन दशकांनंतर ऑलिव्ह रिडले कासवांची किमान ८० पिल्ले येथून समुद्राकडे गेल्याचे वृत्त आले. गौरवाची ही बाजू सर्वश्रुत आहे. तिच्याइतकाच नोव्हेंबर २०१७ स्मरणात ठेवावयास हवा: गुंडांचा त्रास आणि कारभारातील दिरंगाई यांस कंटाळून शाह यांनी मोहीम थांबवल्याचे जाहीर केले. राज्यकर्त्यांनी दखल घेतल्यावर ती पुन्हा सुरू झाली. स्वयंसेवकास शाल-श्रीफळ देण्यास आपला समाज तत्पर असतो. पण त्याने वेचलेला कचरा वेळेवर उचलून नेणे, आणि काम करताना त्याला कोणी धमकावू नये याचा बंदोबस्त करणे, हा त्याचा पहिला मान आहे, आणि तो सरकारदरबारी आपोआप मिळावयास हवा.

पुढे शाह यांनी मिठी नदीचे काम हाती घेतले. मिठी माहीमला समुद्रास मिळते, वेसाव्याला नव्हे. तरी किनारा निवळावयाचा तर मुळाशी, वस्त्यांतील घरांपाशी आणि काठावरच्या नाल्यांपाशी गेले पाहिजे, हे त्यांना वेसाव्याच्या भरतीनेच शिकवले होते. म्हणून नदीतला गाळ आणि प्लास्टिक उपसण्याबरोबरच घरोघरी जाऊन ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याविषयी बोलणे, हेही आता या सेवेकऱ्यांचे काम झाले आहे.