पाणमोट फुटली पण कळा नाहीत: सुई, जेल की गोळी?

दिवस भरलेत, कळा नाहीत आणि अचानक पाणी जायला लागलं. शंभरातल्या साधारण आठ गरोदर बायकांना असं होतं. घरातल्या मोठ्या बायका म्हणतात, ‘थांबा, कळा येतील.’ बऱ्याच जणींना चोवीस तासांत त्या येतातही. पण पाणमोट फुटली की बाळ आणि जंतू यांच्यामधला पडदा गेलेला असतो. त्यामुळे वाट पाहायची की नाही, हे दवाखान्यात तपासून ठरवावं. वळकरांना गोदामांच्या ट्रकांची गर्दी माहीतच आहे, निघायला उशीर नको. पाणी हिरवट असेल, ताप असेल किंवा बाळाची हालचाल कमी वाटली तर तातडीने १०८ ला फोन करा. घरी दाईकडून आतून तपासणी करून घेऊ नका. प्रत्येक तपासणीने जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

‘कळांची सुई दिली की सीझर ठरलेलं,’ ही भीती आपल्याकडे फार आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा देशांतल्या ५,०४१ अशा बायका होत्या. काहींना लगेच सलाईनमधून ऑक्सिटोसिन दिलं, काहींना योनीमार्गात प्रोस्टाग्लँडिन जेल लावलं, बाकीच्यांनी वाट पाहिली. सीझरचं प्रमाण सगळीकडे जवळपास सारखंच निघालं. बाळांच्या जंतुसंसर्गातही मोठा फरक नव्हता. पण लगेच ऑक्सिटोसिन मिळालेल्या आयांमध्ये संसर्ग वाट पाहणाऱ्यांपेक्षा कमी होता.

ऑक्सिटोसिनचा आणखी एक फायदा म्हणजे कळा जास्त झाल्या तर सलाईन बंद करता येतं आणि थोड्या वेळात असर उतरतो. जेल गर्भाशयाचं तोंड कच्चं असेल तेव्हा उपयोगी पडतं. मिसोप्रोस्टॉलची गोळी स्वस्त आणि परिणामकारक आहे. जागतिक आरोग्य संघटना ती तोंडाने २५ मायक्रोग्रॅम, दर दोन तासांनी सुचवते. बाजारातली २०० ची गोळी घरी तोडून देणं मात्र जीवावर बेतू शकतं, गर्भाशय फाटू शकतं. आधी सीझर झालं असेल तर ही गोळी नकोच, आणि ही गोष्ट डॉक्टरांना दाखल होतानाच सांगायची, त्यांनी विचारायची वाट पाहायची नाही. पाणी गेल्यावर फुग्याच्या नळीचा, म्हणजे फॉलीचा, ऑक्सिटोसिनपेक्षा जास्त फायदा दिसलेला नाही.

पाणी कधी गेलं ती वेळ लिहून ठेवा. लेडी डॉक्टर हवी असेल तर दाखल होतानाच सांगा. सरकारी रुग्णालयात २०११ पासूनच्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात औषधं, प्रसूती आणि गरज पडल्यास सीझरही मोफत आहे.