शहात्तर दिवसांचा हिशेब

मृग नक्षत्राच्या तोंडावर, जेव्हा अकोट तालुक्यातील शेतकरी वखरणी आटोपून आकाशाकडे डोळे लावून बसलेला असतो, बियाण्याची आणि खताची तजवीज करण्यासाठी सोसायटीच्या आणि बँकेच्या दारी खेटे घालीत असतो, आणि गेल्या हंगामाच्या कापसाचे पैसे देणी फेडण्यातच कसे संपून गेले याची मनाशी उजळणी करीत असतो, नेमक्या त्याच दिवसांत गावच्या शाळेला कुलूप असते आणि गुरुजींचा पगार मात्र खात्यावर जमा होत असतो. दिवसाचे चार तास काम, दीड महिन्याची सुट्टी आणि बारा महिन्यांचा मुशाहिरा, हा कोणता न्याय, असे तो शेतकरी विचारतो, तेव्हा त्यात केवळ असूया आहे असे म्हणून तो प्रश्न झटकून टाकणे मला अनुचित वाटते. प्रश्न प्रामाणिक आहे. त्याला उत्तरही आकडे मांडून, प्रामाणिकपणेच दिले पाहिजे.

सातव्या वेतन आयोगाची १ जानेवारी २०१६ पासून लागू झालेली श्रेणी पाहिली, तर प्राथमिक शिक्षकाचे मूळ वेतन २९,२०० रुपयांपासून आणि माध्यमिक शाळेतील प्रशिक्षित पदवीधराचे ३८,६०० रुपयांपासून सुरू होते. त्यावर महागाई भत्ता आणि घरभाडे निराळे. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, म्हणजे नव्या गुरुजींचे एका महिन्याचे मूळ वेतन जवळजवळ चार क्विंटल कापसाच्या किमतीइतके भरते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात, जेथे जमिनीखालचे पाणीच खारट असल्यामुळे विहीर खोदूनही ओलिताची आशा धरता येत नाही, तेथे चार क्विंटल कापूस घरात येण्यासाठी किती पावसावर, किती फवारण्यांवर आणि किती दैवावर अवलंबून राहावे लागते, हे अकोटच्या बाजार समितीच्या आवारात उभ्या असलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. गावातील बहुसंख्यांचे उत्पन्न अनिश्चित आणि एकाचे निश्चित, असे चित्र असले की त्या एकाच्या निश्चिततेकडे सर्वांची बोटे वळतात. परंतु यातून सिद्ध होते ते एवढेच, की शेतकऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल मिळत नाही. शिक्षकाला त्याच्या श्रमाहून अधिक मिळते, हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी त्या श्रमाचे मोजमाप स्वतंत्रपणेच केले पाहिजे.

प्रथम सुट्टी घेऊ. वऱ्हाडातील उन्हाळी सुट्टी मुळात शिक्षकाच्या विश्रांतीसाठी योजलेलीच नाही. २०२४ च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचे तापमान ४५ अंशांच्या वर गेले, तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांना कलम १४४ खाली हुकूम काढून खासगी शिकवणीवर्गांच्या वेळांवरसुद्धा निर्बंध घालावे लागले. ज्या उन्हात मोठ्या माणसांना घराबाहेर पडू नका असे सांगावे लागते, त्या उन्हात पत्र्याखालच्या खोलीत सहा वर्षांचे मूल बसवावे, असे कोणीही म्हणणार नाही. म्हणूनच राज्याच्या इतर भागांत शाळा जूनच्या मध्यास उघडत असताना विदर्भात त्या महिन्याच्या अखेरीकडे, आणि २०२४ साली तर १ जुलैस, उघडल्या. सुट्टी मुलाची आहे. मूल नसेल तेव्हा शिक्षकाला शिकवता येत नाही, म्हणून ती शिक्षकाच्या वाट्याला येते.

आता तिची मोजदाद. माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे वर्षातील सर्व सुट्ट्या, म्हणजे उन्हाळा, दिवाळी आणि सणवार धरून, ७६ दिवसांहून अधिक होता कामा नयेत, आणि शाळेचे कामकाज किमान २३० दिवस चालले पाहिजे. या ७६ दिवसांत ५२ रविवार मिळवले की बेरीज १२८ होते. याच्या शेजारी तहसील कचेरीतील कारकून ठेवून पाहावा. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. शनिवार आणि रविवार मिळून १०४ दिवस झाले, त्यांत सार्वजनिक सुट्ट्यांचे वीसच्या आसपास दिवस मिळवले की तोही सव्वाशेच्या घरात जातो. त्यावर कारकुनाला वर्षाकाठी ३० दिवसांची अर्जित रजा मिळते, आणि न उपभोगलेली रजा ३०० दिवसांपर्यंत साठवून निवृत्तीच्या वेळी तिचे रोख पैसे घेता येतात. शिक्षक दीर्घ सुट्टी मिळणाऱ्या वर्गात मोडतो म्हणून त्याला, ती सुट्टी त्याने उपभोगलेली असताना, ही अर्जित रजा मिळत नाही. कारकुनाच्या दैनंदिन कामाच्या वेळेत पाच दिवसांच्या आठवड्याबरोबर थोडी वाढ झाली, हेही येथे नमूद केले पाहिजे. तथापि दोघांच्या विश्रांतीच्या दिवसांत जो जमीन-अस्मानाचा फरक लोकांना वाटतो, तो बेरीज केली की उरत नाही. एकाची विश्रांती वर्षभर विखुरलेली असते म्हणून ती डोळ्यांत भरत नाही. दुसऱ्याची एका जागी, आणि तीही शेतकऱ्याच्या ऐन धामधुमीच्या दिवसांत येते.

चार तासांच्या आक्षेपातही असेच एक अर्धसत्य आहे. १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षात २०० दिवस व ८०० तास, आणि सहावी ते आठवीसाठी २२० दिवस व १,००० तास अध्यापन ठरवून दिले आहे. ८०० ला २०० ने भागले की चार येतात, आणि टीकाकार तेथेच थांबतो. पण त्याच परिशिष्टात, पूर्वतयारीचा वेळ धरून, शिक्षकाचा आठवडा ४५ तासांचा सांगितला आहे. शिवाय त्या चार तासांचे स्वरूप पाहावयास हवे. सातपुड्याच्या पायथ्याशी, पोपटखेडच्या बाजूला किंवा मेळघाटाच्या तोंडाशी असलेल्या लहान गावांत ज्या द्विशिक्षकी शाळा आहेत, तेथे दोन शिक्षकांकडे चार-पाच इयत्ता असतात. एका इयत्तेला अक्षरे गिरवायला बसवून दुसरीला वजाबाकी शिकवायची, आणि तिसरीचे लक्ष उडाले की तिकडे धावायचे, हे काम ज्याने एक दिवस केले आहे तो त्याला हलके म्हणणार नाही. आणि त्या दोहोंपैकी एकाला मतदारयादीच्या कामासाठी अकोटच्या तहसीलमध्ये बोलावणे आले, की उरलेल्या एकावर सगळी शाळा पडते. तेव्हा शिकवणे संपते आणि केवळ मुले सांभाळणे उरते.

मला या सर्व वादात खरे महत्त्वाचे वाटते ते हेच, की शिक्षक किती दिवस शाळेत नसतो यापेक्षा, शाळेत असतानाही तो मुलांपुढे किती वेळ नसतो. कायद्याच्या २७ व्या कलमाने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला देता येतात. सर्वोच्च न्यायालयाने तर ६ डिसेंबर २००७ च्या निकालात निवडणुकीची कामेसुद्धा सामान्यतः सुट्टीच्या व अध्यापनाखेरीजच्या दिवशी द्यावीत, असे म्हटले आहे. प्रत्यक्षात काय घडते? २०२४ च्या जानेवारीत राज्य मागासवर्ग आयोगाच्या घरोघरच्या सर्वेक्षणास शिक्षक जुंपले गेले. त्याच्या आदल्या वर्षी निरक्षरांच्या सर्वेक्षणाचे काम आले तेव्हा शिक्षक संघटनांनी त्यावर बहिष्कारच घातला. पोषण आहाराच्या तांदळाचा रोजचा हिशेब, विद्यार्थ्यांची माहिती निरनिराळ्या संकेतस्थळांवर पुनःपुन्हा भरणे, एकाच विषयाची छायाचित्रे तीन गटांवर पाठवणे, असल्या कामांना सर्वेक्षणासारखी आरंभाची व शेवटाची तारीखही नसते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शासनाने शैक्षणिक कोणती आणि अशैक्षणिक कोणती अशी कामांची वर्गवारी करणारा निर्णय काढला, यावरूनच हा भार किती वाढला होता हे कळते.

या ठिकाणी महात्मा फुले यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे त्यांनी जे निवेदन दिले, त्यात प्रशिक्षित प्राथमिक शिक्षकाला दरमहा १२ रुपयांहून कमी वेतन नसावे आणि मोठ्या गावांत ते १५ ते २० असावे, अशी मागणी होती. शिक्षक शक्यतो शेतकरीवर्गातून यावा, नांगराची मूठ धरण्याची त्याला लाज वाटू नये, असा आग्रह होता. आणि गावच्या हिशेबांची तपासणी, दस्तऐवजांची नोंदणी, टपालाचे काम अशी जबाबदारी शिक्षकाकडे दिल्यास त्याची प्रतिष्ठा वाढेल, असेही त्यांनी सुचवले होते. म्हणजे शाळेबाहेरचे काम शिक्षकाला देण्याचा विचार नवा नाही, आणि तो शिक्षकाच्या हितशत्रूचाही नव्हे. पण फुल्यांच्या योजनेत ते काम शिक्षकाला गावाच्या कारभारात मानाचे स्थान देणारे होते. आज वरून येणाऱ्या पत्रकांनी लादलेले काम त्याला तालुक्याच्या कचेरीतील सर्वांत खालचा कारकून करून सोडते. शिक्षकाचे श्रम असे इतरत्र वळवले जाणे ही केवळ आपल्याकडची व्यथा नाही. २०१८ च्या आंतरराष्ट्रीय पाहणीत जपानमधील सातवी ते नववीच्या शिक्षकांचा आठवडा ५६ तासांचा भरला, तर सहभागी देशांची सरासरी ३८.३ होती, मात्र प्रत्यक्ष अध्यापन जपानमध्ये अवघे १८ तास, सरासरीहून कमीच. बाकीचा वेळ क्रीडामंडळे, दप्तर आणि बैठका यांनी खाल्ला.

पगाराविषयी आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा हिशेब पुरा होत नाही. आपण 'शिक्षकांचा पगार' असा एकवचनी उल्लेख करतो, पण एकाच शाळेच्या एकाच खोलीत बसणाऱ्या शिक्षकांचे मुशाहिरे परस्परांपासून कित्येक पटींनी भिन्न असतात. २००० साली आलेल्या शिक्षणसेवक योजनेने नव्या प्राथमिक शिक्षकाला तीन वर्षे दरमहा ३,००० रुपयांवर राबवले. पुढे ते ६,००० झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून १६,०००. काम तेच, वर्ग तोच, जबाबदारी तीच. विनाअनुदानित शाळांतील शिक्षकांची स्थिती त्याहूनही करुण आहे. 'कायम विनाअनुदानित' यातील 'कायम' हा शब्द २००९ साली निघाला, पण अनुदान वीस-वीस टक्क्यांच्या टप्प्यांनी येत राहिले, आणि प्रत्येक टप्प्यासाठी त्या शिक्षकांना आझाद मैदानावर बसावे लागले. सुट्टीत शेतमजुरी करणारा किंवा दुकानात हिशेब लिहिणारा शिक्षक असतो, तो याच वर्गातील. शिक्षकाला गडगंज पगार आहे, असे पारावर म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हा मनुष्य कधीच नसतो.

तरीही शिक्षकांच्या बाजूने सर्वच निर्दोष आहे, असे मी म्हणणार नाही. मुख्यालयी राहण्याचा नियम असताना अकोटहून किंवा अकोल्याहून रोज अपडाऊन करायचे, आणि गाडीच्या वेळेला शाळेची वेळ जुळवून घ्यायची, ही गावकऱ्यांची तक्रार खोटी नाही. कायद्याच्या २८ व्या कलमाने मनाई केलेली असताना खासगी शिकवणी करणारेही आहेत. जो शिक्षक पूर्ण वेतन घेऊन आपल्या वर्गाला अर्धाच वेळ देतो, तो शेतकऱ्याच्या मुलाचे जे नुकसान करतो त्याची भरपाई कोणत्याही पुरवणी परीक्षेने होत नाही, आणि त्याला पाठीशी घालणारी संघटना आपल्याच प्रामाणिक सभासदांचा पगार लोकांच्या नजरेत संशयास्पद करून ठेवते.

म्हणून पुढच्या हंगामात, शाळा उघडली की, गावाने एक गोष्ट करून पाहावी असे मला मनापासून वाटते. प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, आणि कायद्याने तिच्यात तीन-चतुर्थांश पालक असावे लागतात. या समितीने मुख्याध्यापकांकडे शिक्षकांच्या हजेरीपत्रकाच्या जोडीला एक साधी वही ठेवण्याचा आग्रह धरावा: तारीख, इयत्ता, बुडालेले तास, आणि ते कशामुळे बुडाले. गुरुजी उशिरा आले तर तसे लिहावे. तहसीलदारांच्या, गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या किंवा आणखी कोणाच्या आदेशाने गेले तर त्या आदेशाचा क्रमांक लिहावा. आणि दर तीन महिन्यांनी ती वही ग्रामसभेत वाचून दाखवावी. ८०० तासांपैकी किती मुलांपर्यंत पोहोचले, हे तेव्हा कापसाच्या वजनकाट्याइतके उघड दिसेल, आणि कोणाला जाब विचारायचा हेही.