फिलाडेल्फियाचे पत्र : अक्षरामागचा हात

आपल्या जळगाव-धुळ्याकडे मुलाचे अक्षर गिचमिड असले की बहुधा एकच उपाय सांगतात : रोज आणखी दोन पाने शुद्धलेखन. ज्याचा हात अर्ध्या पानातच दुखायला लागतो, त्याला हा उपाय शिक्षेसारखा वाटतो. इथे फिलाडेल्फियातल्या सरकारी शाळांत अशा मुलाच्या बाबतीत आधी विचारतात, हाताला नेमके काय जड जाते?

हा प्रश्न शिक्षकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. अपंगत्व असलेल्या प्रत्येक मुलाला सरकारी शाळेत मोफत आणि योग्य शिक्षण मिळालेच पाहिजे, असा कायदा अमेरिकेने १९७५ साली केला. त्यात ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत म्हणून केले जाणारे उपचार, ही शिक्षणाला पूरक सेवा मानली आहे. आईवडील शाळेला लेखी अर्ज देतात. त्यांच्या संमतीनंतर साधारण ६० दिवसांत तपासणी होते. मूल पात्र ठरले तर शिक्षक, थेरपिस्ट आणि पालक एकत्र बसून त्या एका मुलाची लेखी योजना ठरवतात. निर्णय पटला नाही तर पालकांना दाद मागता येते.

थेरपिस्ट अक्षराकडे सर्वांत शेवटी वळते. बाकावर बसल्यावर पाय जमिनीला टेकतात का, खांदा स्थिर राहतो का, पेन्सिल किती दाबली जाते, डोळ्यांनी पाहिलेला आकार हाताला उतरवता येतो का, हे ती आधी बघते. मग भिंतीवर लावलेल्या कागदावर चित्रे काढणे, कपड्यांचे चिमटे उघडणे, खडूच्या बोटभर तुकड्याने लिहिणे असे व्यायाम सुरू होतात. तुकडा छोटा असला की तो चिमटीतच धरावा लागतो. आपल्या देवनागरीत काना, वेलांट्या, जोडाक्षरे आणि शिरोरेषा असल्याने हाताचे काम आणखी नाजूक. आपल्याकडे या व्यायामाला शेंगा फोडणे, सरकीवरचा कापूस सोडवणे, कणीक मळणे आहेच. पण कोणत्या मुलाला काय द्यायचे, हे जाणकारानेच ठरवावे.

इथेही सगळे आलबेल नाही. अपंगत्व असलेल्या मुलांच्या शिक्षणाच्या जादा खर्चातला ४० टक्के वाटा उचलण्याचे वचन केंद्र सरकारने १९७५ साली दिले, ते आजवर पुरे झालेले नाही. नुसते वाईट अक्षर असलेल्या मुलाला ही सेवा मिळतेच असेही नाही. अडचण शिक्षणाच्या आड येते, हे दाखवावे लागते.

ऑक्युपेशनल थेरपीची विद्या आपल्याला परकी मात्र नाही. एलिझाबेथ लंडी ही अमेरिकन तरुणी विष्णू निंबकरांशी लग्न करून कमला निंबकर झाली. याच फिलाडेल्फियात ऑक्युपेशनल थेरपी शिकून त्यांनी १९५० साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात भारतातली या विद्येची पहिली शाळा काढली. आज मोठ्या शहरांबाहेर असा थेरपिस्ट सहज मिळत नाही, ही खंत आहे. तरी कायद्याचा आधार आपल्याकडेही आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे वाचन-लेखनासारख्या गोष्टी शिकण्यातली अडचण, समाविष्ट आहे, आणि प्रमाणपत्र असलेल्या मुलाला परीक्षेत वाढीव वेळ व लेखनिकाची सवलत मिळू शकते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक सरकारी शाळेत मुले तपासायला येते. शिक्षकांनी त्या पथकाला लिहिताना हात दुखणारी मुलेही दाखवावीत.

लेखनिक घेणे म्हणजे फसवणूक, असे मानणाऱ्यांनी आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना आठवावे. त्यांनी कधी लेखणी धरली नाही. त्यांची गाणी इतरांनी उतरवून घेतली, आणि १९५२ साली पुस्तक निघाले तेव्हा त्यांची प्रतिभा महाराष्ट्राने पाहिली. हाताला लिहिता आले नाही म्हणून डोक्यात काही नाही, असे खान्देशाने तरी म्हणू नये. अक्षरासाठी मुलावर ओरडण्याआधी पालकांनी आणि गुरुजींनी त्याला एवढेच विचारावे : लिहिताना कुठे दुखते?