महाविद्यालयीन बास्केटबॉल संघासाठी मुख्य प्रशिक्षकाची निवड : काठी परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत एखादा संघ सलग दोन-तीन वर्षे पहिल्याच फेरीत पराभूत झाला की जिमखाना समितीच्या बैठकीत पहिली मागणी प्रशिक्षक बदलण्याची होते. मागणी स्वाभाविक असली तरी तिच्यामागील गृहीतक क्वचितच तपासले जाते. संघ प्रशिक्षकामुळे हरत आहे आणि नवा प्रशिक्षक आला की तो जिंकू लागेल, हे ते गृहीतक होय. महाविद्यालयीन खेळाडूच्या हाती तीन-चार वर्षेच असतात. चुकीच्या निवडीत त्यातील एक वर्ष वाया गेले तर ते त्याला परत मिळत नाही. म्हणून ही निवड केवळ प्रशासकीय नव्हे, तर शैक्षणिक निर्णय ठरते. प्रस्तुत लेखात या निर्णयाची प्रक्रिया नंदुरबार जिल्ह्यातील काठी परिसर डोळ्यांसमोर ठेवून स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

काठी परिसर आणि महाविद्यालयीन खेळाडू :

अक्कलकुवा तालुक्यातील काठी हे सातपुड्याच्या कुशीतील गाव पूर्वीच्या मेहवासी संस्थानामुळे आणि राजवाडी होळीमुळे सर्वदूर परिचित आहे. नंदुरबार हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झालेला आदिवासीबहुल जिल्हा असून येथील महाविद्यालये आजच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. काठीसारख्या गावांतून अक्कलकुवा, तळोदा, शहादा, नंदुरबार येथे शिकावयास येणारा विद्यार्थी बहुधा आश्रमशाळेतून आलेला व वसतिगृहात राहणारा असतो. डोंगर चढण्या-उतरण्याची सवय त्याला लहानपणापासून असते. होळीच्या रात्री कमरेला घुंगरू व घंटा बांधून पहाटेपर्यंत एका तालावर नाचणाऱ्या तरुणांचा दमसास व सांघिक लय काठीला जाऊन आलेल्या कोणाही प्राध्यापकाने पाहिली असेल.

तथापि दमसास म्हणजे बास्केटबॉल नव्हे. अठ्ठावीस मीटर लांब व पंधरा मीटर रुंद मैदान, ३.०५ मीटर उंचीवरील कडे आणि चोवीस सेकंदांत चेंडू फेकण्याचे बंधन या चौकटीत तो दमसास कौशल्यात रूपांतरित व्हावा लागतो. यांतील अनेक विद्यार्थ्यांच्या हाती बास्केटबॉल प्रथम येतो तो महाविद्यालयातच. पावसाळ्यात उघड्या मैदानावरील सराव खंडित होतो, दिवाळीनंतर अनेक कुटुंबे मजुरीसाठी स्थलांतर करतात आणि होळीला वसतिगृहे रिकामी होतात. या वेळापत्रकाचे भान नसलेला प्रशिक्षक कितीही नामवंत असला तरी त्याला सरावाला पुरेसे खेळाडूच मिळणार नाहीत.

प्रशिक्षकबदलाविषयीचे अनुभव :

प्रशिक्षक बदलल्याने संघ सुधारतो काय, या प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास अमेरिकेत झाला आहे, कारण तेथे महाविद्यालयीन संघाचा मुख्य प्रशिक्षक हा स्वतंत्र, पूर्णवेळ पद असते. गॅमसन व स्कॉच यांनी १९६४ मध्ये बेसबॉल संघांच्या संदर्भात असे प्रतिपादन केले की, व्यवस्थापक बदलणे हा पुष्कळदा बळीचा बकरा शोधण्याचा विधी असतो. ॲडलर, बेरी व डोहर्टी यांनी २०१३ मध्ये महाविद्यालयीन फुटबॉलविषयी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अतिशय दुर्बल संघांना प्रशिक्षकबदलाचा फारसा लाभ झाल्याचे दिसले नाही. मध्यम कामगिरीच्या संघांची स्थिती तर प्रशिक्षक न बदलणाऱ्या तुल्य संघांपेक्षा पुढील काळात अधिक खालावली. हे निष्कर्ष दुसऱ्या खेळाचे व दुसऱ्या देशाचे असल्याने जसेच्या तसे येथे लागू करता येणार नाहीत. परंतु बदल म्हणजे सुधारणा नव्हे, एवढा सावधपणा त्यांतून निश्चित घेता येतो.

बास्केटबॉलचा इतिहासही याच दिशेने बोट दाखवितो. ड्यूक विद्यापीठात माइक शशेव्हस्की हे १९८० मध्ये रुजू झाले. पहिल्या तीन हंगामांत त्यांच्या संघाने ३८ सामने जिंकले व ४७ गमावले. त्यांना काढून टाकण्याची मागणी झाली, परंतु विद्यापीठाच्या क्रीडा संचालकांनी त्यांना कायम ठेवले. पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९९१ मध्ये आले आणि २०२२ मध्ये निवृत्त होईपर्यंत अशी पाच विजेतेपदे त्यांच्या नावावर जमा झाली. जॉन वुडन १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात आले. त्यांचे पहिले राष्ट्रीय विजेतेपद १९६४ चे आहे. त्यानंतर १९७५ पर्यंत त्यांच्या संघाने एकूण दहा विजेतेपदे मिळविली.

निवडीपूर्वी निदान :

वैद्य औषधापूर्वी नाडी पाहतो, त्याप्रमाणे समितीने जाहिरातीपूर्वी मागील दोन हंगामांची गुणपत्रके पाहणे आवश्यक आहे. डीन ऑलिव्हर यांनी २००४ मधील आपल्या ग्रंथात सामन्याचा निकाल ठरविणारे चार घटक मांडले व त्यांना ढोबळ भार दिला : बास्केट साधण्याची अचूकता ४० टक्के, चेंडूवरील ताबा गमावणे २५ टक्के, रिबाउंड २० टक्के आणि फ्री थ्रो १५ टक्के. साध्या वहीतही या चार गोष्टींची नोंद ठेवता येते.

या नोंदीवरून कोणता प्रशिक्षक हवा, हे बऱ्याच अंशी ठरते. संघ चेंडू वारंवार गमावत असेल तर ड्रिबल व पास यांचे मूलभूत शिक्षण देणारा प्रशिक्षक हवा. तीन चरणे बरोबरीत राहून संघ चौथ्या चरणात कोलमडत असेल तर शारीरिक क्षमता, आहार व राखीव खेळाडूंचा वापर यांची जाण असलेली व्यक्ती हवी. मात्र मैदानाला खड्डे पडले आहेत, बारा खेळाडूंत दोनच चेंडू आहेत आणि वसतिगृहाच्या भोजनाच्या वेळेमुळे सराव रोज अर्धवट सुटतो, असे आढळल्यास दोष प्रशिक्षकाचा नाही. तो महाविद्यालयाने प्रथम स्वतः दूर करावयाचा आहे.

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत आणखी एक बाब विचारात घ्यावी लागते. येथे शारीरिक शिक्षण संचालक हे एकच पद सर्व खेळांचा भार वाहते, आणि अनेक ठिकाणी तेही रिक्त असते किंवा तासिका तत्त्वावर भरलेले असते. कबड्डी, खो-खो, मैदानी स्पर्धा आणि कार्यालयीन पत्रव्यवहार सांभाळून जो बास्केटबॉलही पाहतो, त्याला अपयशी ठरविण्यापूर्वी त्याला आठवड्यातून किती तास मिळत होते, हे विचारणे न्यायाचे ठरेल. कित्येकदा त्याला बदलण्यापेक्षा मानधनावर एक बास्केटबॉल प्रशिक्षक जोडीला देणे अधिक हितावह असते.

निवडीचे निकष :

पहिला आणि सर्वाधिक दिशाभूल करणारा निकष म्हणजे उमेदवाराची खेळाडू म्हणून कीर्ती. रमाकांत आचरेकर यांच्या नावावर प्रथम श्रेणीचा एकच सामना आहे, परंतु त्यांनी शिवाजी पार्कवर घडविलेल्या शिष्यांत सचिन तेंडुलकर आहेत व त्यांना १९९० चा द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. याउलट, १८९१ मध्ये बास्केटबॉलचा शोध लावणारे डॉ. जेम्स नेस्मिथ यांच्या कॅन्सस विद्यापीठातील संघाने ५५ सामने जिंकले व ६० गमावले. खेळणे, खेळ जाणणे आणि खेळ शिकविणे या तीन भिन्न गोष्टी आहेत.

दुसरा निकष औपचारिक प्रशिक्षणाचा. पतियाळा येथील १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका किंवा शारीरिक शिक्षणातील पदवीसह बास्केटबॉलचे विशेष प्रशिक्षण ही योग्य अट आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ व पुण्याचे चंद्रशेखर आगाशे शारीरिक शिक्षण महाविद्यालय यांसारख्या संस्थांकडे, तसेच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयाकडे विचारणा केल्यास पात्र नावे मिळू शकतात.

तिसरा निकष नवख्यांना घडविण्याच्या अनुभवाचा. काठी परिसरासाठी तो निर्णायक होय. तयार खेळाडू निवडून संघ उभारणारा प्रशिक्षक येथे निरुपयोगी ठरेल. उत्तर महाराष्ट्रातीलच उदाहरण घ्यावयाचे तर नाशिक जिल्ह्याच्या आदिवासी भागातील सावरपाडा येथील कविता राऊत यांना धावपटू म्हणून घडविण्यात नाशिकचे प्रशिक्षक विजेंद्र सिंग यांचा वाटा मोठा आहे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी दहा हजार मीटर शर्यतीत कांस्य आणि त्याच वर्षीच्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळविले. पाड्यावरील क्षमता ओळखणारी दृष्टी व तिच्यासाठी वर्षानुवर्षे थांबण्याची तयारी हाच येथे खरा गुण असतो.

चौथा निकष भाषा व वर्तनाचा. भिली वा पावरी बोलीत वाढलेला विद्यार्थी इंग्रजी संज्ञांच्या माऱ्यात गप्प राहतो आणि ते मौन अनास्था समजले जाते. प्रशिक्षकाला ती बोली येत नसली तरी सोप्या मराठीत, प्रात्यक्षिकासह समजावण्याची व खेळाडूंकडून शब्द शिकण्याची वृत्ती त्याच्यात हवी. मुलींच्या संघासाठी महिला प्रशिक्षक किंवा महिला व्यवस्थापक असणे आवश्यक मानावे. उमेदवाराच्या पूर्वीच्या वर्तनाची चौकशी करावी आणि २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्यानुसार असलेल्या अंतर्गत समितीची माहिती खेळाडूंना द्यावी.

प्रात्यक्षिक चाचणी :

मुलाखतीत बोलणारा उमेदवार मैदानावर शिकवू शकेलच असे नाही. म्हणून प्रत्येक उमेदवारास महाविद्यालयाच्याच बारा खेळाडूंचा चाळीस मिनिटांचा सराव घ्यावयास सांगावा. समितीने पुढील गोष्टी टिपाव्यात : खेळाडू किती वेळ रांगेत नुसते उभे राहिले, सर्वांत कच्च्या खेळाडूच्या हाती चेंडू किती वेळा आला, चूक झाल्यावर उमेदवाराने ती एका वाक्यात दुरुस्त केली की खेळाडूस अपमानित केले, आणि सराव संपताना खेळाडूंना आरंभी न येणारी एक तरी गोष्ट येऊ लागली काय. त्यानंतर खेळाडूंचे मत स्वतंत्रपणे घ्यावे. निवड समितीत प्राचार्य, शारीरिक शिक्षण संचालक, एक महिला प्राध्यापक, महाविद्यालयाबाहेरील एक बास्केटबॉल तज्ज्ञ व एक माजी खेळाडू असल्यास निर्णय एकाच व्यक्तीच्या पसंतीवर राहत नाही.

नियुक्तीनंतरची जबाबदारी :

निवड झाली म्हणजे समितीचे कार्य संपले असे नाही. प्रशिक्षकास किमान तीन हंगामांचा अवधी लेखी द्यावा व त्या काळातील अपेक्षा टप्प्याटप्प्याने ठरवाव्यात. पहिल्या वर्षी सरावातील उपस्थिती व चेंडू गमावण्याचे घटलेले प्रमाण, दुसऱ्या वर्षी विभागीय स्पर्धेत चुरशीचे सामने आणि तिसऱ्या वर्षी विजय, असा क्रम वास्तवाला धरून होईल. त्याच करारात महाविद्यालयाने आपली देणीही लिहावीत : चेंडूंची संख्या, मैदानाची दुरुस्ती, सरावाची निश्चित वेळ, सरावानंतरचा अल्पोपाहार आणि वेळेवर मानधन. एकाच पक्षावर अटी लादणारा करार म्हणजे पुढील बळीच्या बकऱ्याची पूर्वतयारीच होय.

समारोप :

वरील विवेचनावरून असे दिसते की, अपयशी संघासाठी प्रशिक्षक निवडणे ही वस्तुतः महाविद्यालयाने केलेली आत्मपरीक्षा असते. पराभवाचे निदान, शिकविण्याच्या क्षमतेची प्रत्यक्ष पारख आणि निवडलेल्या व्यक्तीस पुरेसा काळ या तीन गोष्टी पाळल्या गेल्या तर निवड चुकण्याची शक्यता बरीच कमी होते. काठीच्या डोंगरातून उतरून वसतिगृहाच्या खोलीत आलेल्या आणि आयुष्यात प्रथमच बास्केटबॉल हाती घेणाऱ्या विद्यार्थ्याला चषक मिळेलच, याची हमी कोणतीही समिती देऊ शकत नाही. त्याला नीट शिकविणारी व्यक्ती मिळेल, एवढी हमी मात्र ती देऊ शकते आणि तेच तिचे कर्तव्य आहे.