नऊ वर्षं दोन महिने

जूनमध्ये बकरी ईदची सुट्टी संपली आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या हॉटेलातल्या एका रूम बॉयने माझ्या टेबलावर राजीनामा आणून ठेवला. मुलगा मालवण तालुक्यातला. चारचौघांत मला 'सर' म्हणतो, दार बंद झालं की 'काका'. मी कागदावरची रुजू झाल्याची तारीख पाहिली. एप्रिल २०१६. नऊ वर्षं दोन महिने. मी म्हटलं, "अरे, वेडा आहेस का? दहा महिने थांब की!"

कुवेतमध्ये राहिलेल्या कुणालाही हा 'दहा महिने थांब' लगेच कळेल. बाकीच्यांसाठी सांगतो. इथल्या २०१० च्या कामगार कायद्याप्रमाणे नोकरी संपताना इंडेम्निटी मिळते. पहिल्या पाच वर्षांचा दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार आणि पुढच्या दर वर्षाला एक महिन्याचा. पण माणूस स्वतःहून सोडून गेला तर तीन ते पाच वर्षांना अर्धी, पाच ते दहाला दोन तृतीयांश, आणि दहा वर्षं ओलांडली की पूर्ण. या मुलाचा पगार १५० दिनार. मी कॅल्क्युलेटर काढला, महिन्याचे २६ दिवस धरले आणि त्याला दाखवलं. नोटीस भरून सप्टेंबरात गेलास तर साधारण ७३० दिनार, पुढच्या एप्रिलपर्यंत कळ काढलीस तर ११८० च्या वर. फरक साडेचारशे दिनारांचा, म्हणजे आपल्या सव्वा लाख रुपयांच्या घरात.

त्याने आकडा नीट पाहिला. हिशेब त्याने आधीच केला होता हे मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं. म्हणाला, "काका, आवशीची ढोपरां धा म्हयने थांबाची नाय."

तर गोष्ट अशी. त्याच्या गावाकडच्या घरात दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्याच्याच पैशांतून बांधलेल्या, संडास-बाथरूम आतच. वडील नाहीत. आई एकटी सुरमईचं ताट वाढणार, चादरी धुणार, रात्री अकराला गाडी आली तर कंदील घेऊन वाट दाखवणार. (वीज असते हो, पण आयत्या वेळी जाते.) सिंधुदुर्ग हा देशातला पहिला पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली, २०२१ मध्ये चिपीला विमान उतरलं. पाहुणे आले, पण घरात ते सांभाळायला माणूस नाही. तो माणूस इथे आमच्या हॉटेलात रोज चौदा खोल्या लावतोय.

मला हे सगळं जरा जास्तच लागलं, त्याला कारण आहे. माझं काम कर्मचाऱ्यांचं ट्रेनिंग आणि नेमणुका. गेल्या वर्षी मॅनेजमेंटने मला एक अहवाल लिहायला सांगितला होता. माणसं का सोडून जातात आणि टिकवायची कशी? त्यासाठी मी महिनाभर रात्री बसून वाचन केलं. हॉटेल धंद्यातल्या गळतीवर जगभर ढिगाने संशोधन झालंय. कॉर्नेल विद्यापीठातले टिमथी हिंकिन आणि ब्रूस ट्रेसी यांनी २००० साली एक माणूस गेल्याची किंमत मांडली. जाहिरात, मुलाखती, ट्रेनिंग हे खर्च दिसतात, पण मोठा तोटा असतो तो नवा माणूस हाताला येईपर्यंतचा. हे मला पुस्तकाशिवायही माहीत होतं. जुना मुलगा अर्ध्या तासात खोली लावतो आणि चौथ्या मजल्यावरच्या नेहमीच्या पाहुण्याला दोन उशा जास्त लागतात हे त्याला सांगावं लागत नाही. नव्याला तासभर लागतो, वर तो दुसऱ्या दोघांना हाका मारत बसतो.

पण मला खरा पटला तो २००१ मधला एक निबंध. टेरेन्स मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा केला. माणूस का जातो हे विचारण्याऐवजी तो का थांबतो ते विचारलं. त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या. मी माझ्या भाषेत त्यांना लागेबांधे, जुळणं आणि गमावणं म्हणतो. कामावरची नि वस्तीतली नाती किती, कामाशी नि गावाशी माणूस किती जुळलाय, आणि सोडलं तर हातचं काय काय जाईल. या तीन दोऱ्यांनी माणूस बांधलेला असतो.

आता हेच कुवेतला लावून पाहा. आमच्या हॉटेलातून फार लोक सोडून जात नाहीत, आणि मॅनेजमेंट त्यावर खूष असते. अहवालात मीही ते 'समाधानकारक' असंच लिहिलं. खरं म्हणजे इथे पहिल्या दोन दोऱ्या कच्च्या आहेत. बायकामुलं तिकडे, जुळण्याचा प्रश्न कुणी विचारत नाही. सगळा भार तिसऱ्या दोरीवर. इकामा कंपनीचा, काम बदलायचं तर मालकाची संमती आणि काळाच्या अटी, आणि १ जुलै २०२५ पासून कलम १८ च्या इकाम्यावरच्या माणसाला सुट्टीवर जायलाही मालकाच्या मंजुरीचा एक्झिट परमिट लागतो. त्यावर ही इंडेम्निटीची शिडी, तिसऱ्या, पाचव्या, दहाव्या पायरीवर आमिष ठेवलेली. कायदा कामगाराच्या भल्यासाठीच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही, ते पैसे मिळतात म्हणून कितीतरी घरं उभी राहिली. पण त्या पायरीसाठी दिवस मोजणाऱ्या माणसाला आम्ही 'निष्ठावान' म्हणून सर्टिफिकेट देतो, ते मला तेव्हापासून खटकतंय.

घरातली खोली पाहुण्याला देणं तसं जुनंच आहे. आज जगभर ज्याचा धंदा झालाय त्या एअरबीएनबीची सुरुवात ऑक्टोबर २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भाडं परवडेना म्हणून झाली. दोघा मित्रांनी हॉलमध्ये हवेच्या गाद्या फुगवल्या आणि डिझाइनच्या एका परिषदेला आलेल्या तिघांना ८० डॉलर रात्र या दराने झोपायला दिल्या. त्या तिघांतला एक भारतातून शिकायला गेलेला विद्यार्थी होता, मराठी आडनावाचा! हे वाचून मला उगाचच बरं वाटलं होतं.

हॉटेलवाल्यांना त्याचा फटका बसतो का? टेक्सासमधल्या आकडेवारीवर झर्व्हास, प्रोसर्पियो आणि बायर्स या तिघांचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. ऑस्टिन शहरात हॉटेलांच्या उत्पन्नावर आठ ते दहा टक्के परिणाम, आणि तो मुख्यतः स्वस्त हॉटेलांवर नि कामानिमित्त येणारा पाहुणा नसलेल्यांवर. आमचं हॉटेल कंपन्यांच्या पाहुण्यांवर आणि लग्नांच्या हॉलवर चालतं, त्यामुळे आम्ही तसे वाचलो. पण वीकएंडला कुवेती कुटुंबं कुठे जातात? खैरानच्या समुद्रकाठी शाले भाड्याने घेतात, नाहीतर वफ्राकडची शेतघरं. शुक्रवार-शनिवारी गाड्यांची रांग पाहा. आणि शनिवारी संध्याकाळी सगळे परतल्यावर तो शाले कोण आवरतं? हारिस. बहुतेक आपल्याच उपखंडातला एकटा माणूस, गेटाजवळच्या छोट्या खोलीत राहणारा. घर मालकाचं, पाहुणा मालकाचा, आणि त्याच्या टिकण्या-न टिकण्यावर अजून तरी कुणाचा निबंध माझ्या वाचनात आलेला नाही.

इथल्या आपल्या लोकांच्या 'होमशेअरिंग'ला तर नावही नाही, आपण नुसतं 'शेअरिंग' म्हणतो. २००६ मध्ये मी आलो तेव्हा अब्बासियात एका मराठी कुटुंबाच्या दोन बेडरूमपैकी एका खोलीत राहिलो. बकाल्याच्या दारावर चिकटवलेली चिठ्ठी वाचून गेलो होतो. वहिनींचा नियम असा, की सकाळी सहा ते सात स्वयंपाकघर त्यांचं, रात्री नऊनंतर माझं. पहिल्या गणपतीत त्यांनी माझ्यासाठी वेगळे अकरा मोदक काढून ठेवले होते. आजही माझे इथले लागेबांधे म्हणजे तेच घर. पण शेअरिंगचं दुसरं तोंडही आहे, पार्टिशन घातलेली खोली, बंकबेड, आठ माणसांत एक बाथरूम. १२ जून २०२४ च्या पहाटे मंगफमध्ये कामगारांच्या इमारतीला आग लागली आणि ४५ भारतीय गेले. त्या आठवड्यात आमच्या मुलांना घरून सारखे फोन. या मालवणच्या मुलाच्या आईने विचारलं होतं, "तुझ्या खोलीक दोन दारां आसत ना?" दिवसभर तो दुसऱ्यांसाठी चौदा पलंग लावतो आणि रात्री वरच्या बंकवर चढतो. त्याने मला राजीनाम्याच्या दिवशी सांगितलं, जायचं त्या आठवड्यातच ठरलं होतं, वर्षभर फक्त बाथरूमच्या टाइल्सचे पैसे फेडायचे होते.

मी मॅनेजरकडे गेलो. कायद्यात वाट आहे, मालकाने कामावरून कमी केलं तर इंडेम्निटी पूर्ण मिळते. म्हटलं, आपणच कमी केलं असं दाखवू, नऊ वर्षं एक तक्रार नाही या मुलाची. मॅनेजर म्हणाला, उद्या दहा जण हेच मागतील. त्याच्या खुर्चीवरून त्याचं बरोबर होतं. मीच लिहिलेला अहवाल त्याच्या कपाटात होता आणि त्यात माणसं टिकवण्याचे उपाय होते, माणसाला नीट निरोप देण्याचे नव्हते. पुष्कळ घासाघीस करून एवढंच पदरात पडलं, की शिल्लक सुट्टी नोटिशीत धरून त्याला ऑगस्टमध्ये सोडायचं. मुलगा म्हणाला, "चतुर्थीक घरी पोचान ना? मगे बास." यंदा चतुर्थी २७ ऑगस्टला होती. तो पोचला.

त्याच्या जागी आलेला मुलगा चांगला आहे, अजून खोलीला पन्नास मिनिटं लावतो.

दिवाळीच्या सुट्टीत मालवणचे पर्यटक सुरू झाले तसे त्याचे फोटो येऊ लागले. एका फोटोत पलंगावर पांढरी चादर, कोपरे आमच्या हॉटेलच्या पद्धतीने दुमडलेले, आणि मधोमध टॉवेलचं बदक. खाली आईचा आवाज रेकॉर्ड केलेला, "ह्यां बदक कित्याक? पाहुणो अंग कशान पुसतलो?" मी तो तीनदा ऐकला, मग बायकोला ऐकवला. धंदा जमेल का, मला सांगता येत नाही. पावसाळ्यात किल्ल्याच्या बोटी बंद, मासेमारी जून-जुलै बंद, म्हणजे कमाई साधारण आठ महिन्यांची. पगाराची तारीख नाही. परवा त्याने विचारलं, नाश्ता भाड्यात धरू की वेगळा लावू? मी म्हटलं, भाड्यातच धर, आणि रात्री उशिरा येणाऱ्यांना जेवणाचं आधी सांगायला लाव, आईला जागवू नकोस.

फोन ठेवल्यावर मी माझाही हिशेब केला. इंडेम्निटीला एक कमाल मर्यादा असते, दीड वर्षाचा पगार. पहिली पाच वर्षं अर्ध्या दराने आणि पुढची पूर्ण दराने धरली तर ती साधारण वीस वर्षांत भरते. त्यानंतर पगार वाढला तर रक्कम वाढेल, नुसतं थांबून वाढत नाही. मी मार्च २००६ चा.

चिपळूणचं आमचं घर बंद आहे, परसात दोन फणस आहेत, वाशिष्ठी फार लांब नाही. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "तुमचं कधी?"

मी म्हटलं, "मार्चमध्ये वीस होतात."

"मग बुकिंग एप्रिलचं बघू का?" असं म्हणून ती हात पुसत बाहेर आली. मी अजून उत्तर दिलेलं नाही. पण फणसांच्या खाली गाडी लावायला जागा होईल का, ते भावाला मोजायला सांगितलंय.