पाच हजार मुखी परमेश्वर!

राष्ट्राचे भवितव्य वर्तविण्याचे काम ज्योतिषांकडून काढून शास्त्रज्ञांकडे सोपवावे, हा विचार उत्तमच आहे. ‘पाचामुखी परमेश्वर’ असे आपल्याकडे म्हणतात. केंद्र शासनाच्या ‘टायफॅक’ या संस्थेने तर पाचांवर न थांबता सुमारे ५००० तज्ज्ञांचे साह्य घेतले आणि डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या अध्यक्षतेखाली १९९६ साली ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०२०’ हा पंचवीस खंडांचा आराखडा देशापुढे ठेवला. २०२० पर्यंत भारत विकसित राष्ट्र व्हावा, हे त्यामागील स्वप्न. ते साल आले आणि गेले. जागतिक बँकेच्या दप्तरी तेव्हा भारत निम्न-मध्यम उत्पन्नाच्या देशांतच होता. आता २०४७ ही तारीख सांगितली जाते. तारीख पुढे गेली, याचे आम्हांस दुःख नाही. मागल्या तारखेचा हिशेब मागण्याची आपणांस सवय नाही, याचे आहे.

दोष पद्धतीचा नव्हे. अमेरिकेतील ‘रँड’ संस्थेत जन्मलेल्या ‘डेल्फी’ पद्धतीत तज्ज्ञांना एकत्र बसवीत नाहीत. प्रत्येकास स्वतंत्र प्रश्नावली जाते. उत्तरांचा गोषवारा नावे न सांगता सर्वांना परत धाडला जातो. ज्याचे मत इतरांहून वेगळे, त्यास कारणे विचारली जातात. आणि मग पुन्हा मत घेतले जाते. त्यामुळे मोठ्या खुर्चीच्या वजनाखाली लहान माणसाचे मत चिरडले जात नाही. जपानने १९७१ पासून अशा पाहण्या चार-सहा वर्षांच्या अंतराने सातत्याने चालविल्या. एवढेच नव्हे, तर आपली जुनी भाकिते कितपत खरी ठरली, याची मोजदादही त्याने करून पाहिली. अनुकरण करावयाचे तर ते या गोष्टीचे!

भाकीत कसे करावे, याचा धडा आमच्या भायखळ्यातही सापडतो. गिरण्यांना एतद्देशीय तंत्रज्ञ लागणार, हे ओळखून १८८७ साली येथे व्हिक्टोरिया जुबिली तांत्रिक संस्था उघडण्यात आली. त्या धुरीणांनी भविष्य कागदावर लिहून ठेवले नाही, त्यासाठी शाळा काढली. १९२३ मध्ये माटुंग्यास गेलेली आणि आज वीरमाता जिजाबाईंचे नाव धारण करणारी ती हीच ‘व्हीजेटीआय’. तिचेच विद्यार्थी डॉ. अनिल काकोडकर पुढे ‘टायफॅक’चे अध्यक्ष झाले, आणि त्यांच्या कारकिर्दीत, जानेवारी २०१६ मध्ये, ‘टेक्नॉलॉजी व्हिजन २०३५’ प्रसिद्ध झाले. भारतीयाला मिळालेच पाहिजेत असे बारा अधिकार त्यात सांगितले आहेत. स्वच्छ हवा आणि पिण्याजोगे पाणी हे त्यांत अग्रभागी आहेत.

२०३५ आता दूर नाही. आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. प्रत्येक भाकितापुढे ते पार पाडणाऱ्या खात्याचे नाव असावे. दर पाच वर्षांनी त्याचा जमाखर्च संसदेपुढे यावा. आणि तज्ज्ञ म्हणजे केवळ पदवीधर, हा समज सोडून कारखान्यातील जोडारी आणि जे. जे. रुग्णालयातील परिचारिका यांनाही प्रश्नावली धाडावी. यंत्र कोठे अडते, हे त्यांच्याइतके कोणास ठाऊक?

परमेश्वर पाचांच्या मुखी असो वा पाच हजारांच्या. तो पुढे काय बोलतो हे ऐकण्यापूर्वी, मागे काय बोलला होता हे विचारण्याचे धैर्य नागरिकांनी दाखविले पाहिजे.