व्यापारी लघुसंदेशांचे नियमन : यादी, नमुना आणि संमती

भारतातील व्यापारी लघुसंदेशांच्या नियमनाचा इतिहास हा वरवर पाहता ग्राहकाचा उपद्रव कमी करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे. परंतु त्यातील महत्त्वाचे स्थित्यंतर निराळेच आहे. आरंभी नियमांचा भर संदेश घेणाऱ्यावर होता. पुढे तो संदेश पाठविणाऱ्यावर आणि प्रत्यक्ष संदेशाच्या शब्दरचनेवर आला. ह्या स्थित्यंतराचे स्वरूप व त्याच्या मर्यादा हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, २००७ साली केलेल्या विनियमांचा आधार एक यादी हा होता. ज्यास असे संपर्क नको असतील त्याने आपला क्रमांक राष्ट्रीय नोंदवहीत नोंदवावा व विक्रेत्यांनी तो वगळावा, अशी ती योजना होती. २०१० च्या विनियमांनी ग्राहकास विषयवार निवड दिली आणि रात्री ९ ते सकाळी ९ ह्या वेळेत व्यापारी संदेशांस मनाई केली. तथापि एक उणीव राहिलीच. नोंदणी न करता साध्या क्रमांकावरून संदेश धाडणाऱ्यास यादीचा धाक नव्हता. आणि ग्राहकाने संमती दिली होती, असा दावा कोणी केल्यास तो पडताळणे दुष्कर होते.

१९ जुलै २०१८ रोजी अधिसूचित झालेल्या विनियमांनी व्यवस्थेचा पायाच बदलला. संदेश पाठविणारी संस्था, तिची ओळख सांगणारे शीर्षक, संदेशाचा नमुना व ग्राहकाची संमती ह्या चारही गोष्टींची पूर्वनोंदणी त्यांत अभिप्रेत आहे. ह्या नोंदी ब्लॉकचेन तंत्रावर आधारलेल्या सामाईक खातेवहीत राहतात. त्यामुळे कोणा एका कंपनीस त्या परस्पर बदलता येत नाहीत. नमुन्याचे स्थिर व बदलता असे दोन भाग असतात. ‘आपल्या खात्यातून अमुक रुपये काढण्यात आले’ ह्या वाक्यात रक्कम तेवढी बदलती. उरलेला मजकूर नोंदलेल्या नमुन्याशी जुळला पाहिजे. न जुळणारा संदेश यांत्रिक छाननीत अडविला जातो.

ह्या छाननीचे सामर्थ्य आणि तिची किंमत ८ मार्च २०२१ रोजी एकदमच प्रत्ययास आली. मजकुराची छाननी सुरू होताच अनेक बँकांचे व अन्य संस्थांचे ओटीपी ग्राहकांपर्यंत पोहोचेनासे झाले आणि दुसऱ्याच दिवशी ट्रायला ती सात दिवसांसाठी स्थगित करावी लागली. यंत्र सत्य तपासत नाही, साम्य तपासते. म्हणून फसवा संदेश आणि नमुना नोंदविण्यात हयगय झालेला खरा संदेश हे दोन्ही त्याच्या लेखी सारखेच. मराठीपुरते बोलायचे, तर ‘ऱ्या’ हे जोडाक्षर संगणकात दोन निरनिराळ्या संकेतक्रमांनी लिहिता येते. डोळ्यांस ती रूपे एकच दिसतात, यंत्रास मात्र भिन्न.

उलट पक्षी, साम्य असले म्हणजे संदेश निर्दोष ठरतो असेही नाही. मंजूर नमुन्याच्या रिकाम्या जागेत फसवा दुवा घालता येतो. ही पळवाट बुजविण्यासाठी १ ऑक्टोबर २०२४ पासून पूर्वनोंदणी नसलेले दुवे असलेले संदेश रोखण्यात येऊ लागले. त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून मूळ संस्थेपासून दूरसंचार कंपनीपर्यंतच्या मध्यस्थांची साखळी घोषित करणेही आवश्यक ठरले. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीने शीर्षकाअखेर जाहिरात, सेवा, व्यवहार व शासकीय संदेश ओळखण्यासाठी अनुक्रमे पी, एस, टी व जी ही अक्षरे आणली, आणि तक्रारीची मुदत तीन दिवसांवरून सात दिवसांवर नेली.

ह्या सर्व उपायांनी कोण बोलत आहे व कोणत्या शब्दांत, हे निश्चित होते. ऐकणाऱ्यास ते ऐकावयाचे आहे काय, हा प्रश्न मात्र नमुना सोडवू शकत नाही. तो संमतीचा प्रांत आहे. जून २०२३ मध्ये ट्रायने संमती अंकीय पद्धतीने घेण्याचा व ती मागे घेण्याची सोय ठेवण्याचा निर्देश दिला, तो ह्याच जाणिवेतून. अर्जाच्या तळाशी न वाचता केलेल्या खुणेस संमती मानले जाईल, तोवर संदेश नियमानुसार शुद्ध असूनही अनाहूतच राहील. तात्पर्य, नमुन्याची नोंदणी हे नियमनाचे साधन आहे. त्याचे साध्य ग्राहकाची जाणती संमती हेच होय.